चीप म्हणजे काय

चितेगाव,
२० मे १९८८

चि. सौ. द्वारकेस आबांचे अनेक आशीर्वाद.

विहीर आटली, पण तुझ्या आईचा उत्साह आटत नाही. अधिक महिना लागला, इंद्रजीतरावांना धोंड्याला बोलवा म्हणून माझ्यामागं लागली आहे. तांब्याचं ताट मी आणून ठेवलं. अडचण एकच. दिवाळीत दिलेल्या घड्याळाला जावईबापू चीप म्हणाले होते. तू इंग्रजी शिकलीस, तेव्हा चीप म्हणजे नेमकं काय ते कळव. तसलं काही ताटात जायला नको. दोघं मिळून या, आम्ही वाट बघतो.

तुझे आबा

पुंडलिकनगर, औरंगाबाद,
२५ मे १९८८

ती. आबांस द्वारकेचा शि. सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षराला हसू नका. दुकानात चीप म्हणजे स्वस्त. आमच्या घरात त्याचा किमतीशी संबंध नाही. माझ्या काचेच्या बांगड्या चीप, मोठ्यानं हसणं चीप, लई म्हटलं की चीप. क्रांती चौकातून आणलेली प्लॅस्टिकची फुलं मात्र चीप नाहीत. ह्यांना ज्याची लाज वाटते ते चीप, एवढंच मला कळलंय.

काल टँकर आला. पदर खोचून मी बायकांच्या रेटारेटीत शिरले आणि हंडा भरून आणला. ह्यांच्या साहेबांची बायको गच्चीवरून बघत होती. घरात येताच ह्यांनी हंडा हिसकावून माझ्या मनगटावर घातला. हाड मोडलं, बांगड्यांच्या काचा मांसात रुतल्या. मी ओरडले, तर तोंडात फडकं कोंबलं. ओरडणंही चीप.

तुम्ही आता ह्यांचे पाय धुणार, ते मला बघवणार नाही. तरी या म्हणालात तर येईन. आईला सांगू नका. मला भीती वाटते आहे, आबा.

आपली द्वारका

चितेगाव,
२७ मे १९८८

चि. द्वारकेस आशीर्वाद.

आईला सांगितलं. तिनं ते ताट उंबऱ्यावर आपटून चेपून टाकलं आणि म्हणाली, “त्या हातात वाण द्यायचं नाय. तो हात तोडायचा.” मी कुऱ्हाड घेऊन निघालोच होतो. तुझ्या सखाराममामानं ती हिसकावली आणि आईनं मला खोलीत घालून बाहेरून कडी लावली. खिडकीतून ही चिठ्ठी मामाच्या हाती देतो आहे. तू वाचेपर्यंत तो जीप घेऊन फाटकाशी थांबेल. शाळेचे कागद घे, बाकी काही घेऊ नकोस. इंद्रजीत आडवा आला तर मामा बघून घेईल.

दिवाळीत तुझा गाल सुजला होता. दाढ दुखते म्हणालीस आणि मी गप्प बसलो. मला कळलं होतं, पोरी. कळूनही मी त्याला आग्रह करकरून वाढलं.

आम्हांवर लोभ असू दे, हे आज मी तुला लिहितो आहे.

तुझा आबा