राजकन्येची पाटी

जयलक्ष्मीपुरम, मैसूर
८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. तुंगास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. शरतरावांनाही सांग.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी भलतंच ऐकते, म्हणून पत्र. यंदा दसऱ्याच्या गोंब्यांत, म्हणजे आपल्या बाहुल्यांच्या मांडणीत, इजिप्त करायचं ठरवलं आहे. कॉन्व्हेंटात इतिहास शिकवता शिकवता बायबलही कानावर पडलं होतं. लव्हाळ्यात टोपली, टोपलीत तान्हा मोशे आणि त्याला उचलून घेणारी फारोची मुलगी. पण हा फारो कोणता? पुस्तकात राजाचं नाव नाही. त्यात रामसेस नावाचं शहर येतं, म्हणून कुणी रामसेसचा काळ धरतात. शलमोनाच्या मंदिरापासून वर्षं मागे मोजणारे थुटमोसच्या घराण्यात पोहोचतात. इजिप्तचे शिलालेख गप्प. प्रत्येक बाहुलीखाली नावाची पाटी लावल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

देवराज मोहल्ल्यात मोशे कुठला मिळायला! वसुदेवाच्या टोपलीतला कृष्ण आणला आणि वसुदेवाला कपाटात ठेवलं. शेजारची वरलक्ष्मी येऊन टोपलीला हळदकुंकू वाहून गेली.

दत्तक संस्थेतून निरोप आला, एवढंच लिहिलंस आणि पुढे काहीच नाही. धडा अर्धा सोडायचा नसतो.

माया आहे, ती पत्राने कळव.
तुझी गोदावरीआत्या

बेंगळुरू
१५ सप्टेंबर

ती. आत्यास,
तुंगाचा सा. नमस्कार.

रामसेसलाच बसव. त्याचा रुबाब मोठा आहे.

मुलगी दीड वर्षाची आहे. फोटोत एक चप्पल पायात आणि एक हातात. शरतने पाळणाघरसुद्धा बघून ठेवलंय. होकार महिनाअखेरीपर्यंत कळवायचा आहे आणि माझाच हात पुढे होत नाही. तुझ्या पत्रानंतर बायबलच्या निर्गम पुस्तकातला तो भाग वाचून काढला. मोशे मोठा होतो आणि आपल्या माणसांकडे जातो. राजकन्येचं पुढे काय झालं, याची एक ओळ नाही. आत्या, हीसुद्धा एक दिवस आपली माणसं शोधत गेली तर? मला ते सोसेल का?

रागावू नकोस. तुझ्याशिवाय हे कुणाला लिहिणार?
तुझी तुंगा

मैसूर
२१ सप्टेंबर

चि. सौ. तुंगास, आशीर्वाद.

राजकन्येचं पुढे काय झालं, ते मला विचार.

तुझी आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतीस. तुला मी वाढवलं. दहावीनंतर तुला आईच्या माणसांची ओढ लागली आणि तू तंजावरला मामाकडे गेलीस. तुझ्या पिशवीत चटणीपुडीचा डबा मीच घातला होता. बस सुटली आणि मी स्टँडवरच रडत बसले. ही आता तिकडचीच झाली, असं वाटलं. सुट्टी संपली आणि तू परत आलीस. डोळे आईसारखे आहेत असं सगळे म्हणतात, हे मला सांगताना तुझं तोंड नुसतं फुललं होतं. त्या दिवशी माझं काहीही गेलं नव्हतं, उलट तुझ्यात भरच पडली होती.

भीती वाटणारच. मला अजून वाटते, तू रात्री गाडी चालवतेस तेव्हा. भीती संपेल आणि मग मूल आणू, असं म्हणशील तर पाळणा कधीच हलायचा नाही. निर्णय तुमचा. मी हट्ट करणार नाही, पण सोळे, म्हणजे आपली भाजीची आमटी, मात्र फार तिखट करायची नाही, एवढं आत्तापासून शिकते आहे.

राजाचा पेच तसाच आहे. रामसेस माझ्या मनाला पटत नाही.

आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.
आत्या

बेंगळुरू
२९ सप्टेंबर

ती. आत्यास, सा. नमस्कार.

होकार कळवला. सही करताना मी तारीख चुकवली, मग शरतनेही चुकवली, म्हणून मला धीर आला. तिला आणलं की सरळ तुझ्याकडे येतो. बाहुल्यांच्या खालच्या दोन पायऱ्या रिकाम्या ठेव, तिला हाताला लागेल ते उचलायची सवय आहे म्हणे.

राजाच्या पाटीवर तुला पटेल ते लिही, नाहीतर कोरी ठेव. निर्गमाच्या त्या भागात राजकन्येचंही नाव नाही, ते तुझ्या लक्षात आलं नाही. तिच्या पाटीवर गोदावरी असं लिही.

आम्हा तिघांवर लोभ असू दे.
तुझी तुंगा