झिग्मुंटसाठी राखलेली खिळ्यांची पेटी

मी, फेलिक्सा वोय्तास, कै. कॉन्स्तांती वोय्तास यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार शिकागो, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे; ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून बघावेत.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेत उरेल ते मुलगी इरेना हिला. कोबी खारवायचे पिंपही तिलाच, मात्र त्यात तिने छत्र्या ठेवू नयेत.

२. यजमानांच्या पटाशा, करवती व रंधे जावई रोमन यास. मोठा रंधा वगळून. तो त्याने एकदा दाराला अडसर म्हणून लावला होता, हे मी विसरलेले नाही. तो चर्चच्या सुताराला द्यावा.

३. स्वयंपाकघरातील खेळाची पेटी. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आज या शहरात जो तो हा खेळ आपणच काढला म्हणतो. म्हणोत बापडे. मंदीत रेडिओच्या पेट्यांचे काम बंद पडले आणि यजमान घरी बसले. पूर्वी दारूच्या दुकानांत काठीने गोट्या ढकलायची मोठी टेबले असत. एके दिवशी ते म्हणाले, "अगं, तेच टेबल न्हाव्याच्या दुकानातल्या फळीवर मावेल एवढं केलं तर?" पेटी त्यांनी केली. काठीऐवजी माझ्या कपडे पिळायच्या यंत्राची स्प्रिंग गेली. भोकांभोवती खिळे मी ठोकले, आणि गोटीने कुठे हुलकावणी द्यावी ते एकेक खिळा बोटाने वाकवून मीच ठरवले. एक सेंट घालून दांडी ढकलली की सात गोट्या सुटतात, ही करामत माझा धाकटा दीर झिग्मुंट याची. तो कुलुपे करी.

पेटी न्हाव्याच्या दुकानात ठेवली, पण गिऱ्हाईक आमच्याहून बिलंदर निघाले. पेटी खालून उचलून आपटायचे, की गोटी भोकात. झिग्मुंटने चिडून तळाला खिळे ठोकले, टोके खाली. "आता लावा म्हणावं हात!" भावाला सांगायचे तेवढे राहिले. सकाळी यजमानांनी पेटी उचलली आणि तळहात फाटला. दोन बोटे पुन्हा कधी मिटली नाहीत, आणि ती सुताराची बोटे होती.

त्याच आठवड्यात यजमान म्हणाले, "त्याला जेवायला बोलाव. खिळा काय माझ्यासाठी ठोकला होता?" बोलावले. आला नाही. राहतो दोन गल्ल्यांवर. आम्हा पोलिश लोकांच्या रीतीने नाताळच्या आदल्या रात्री अवचित पाहुण्यासाठी एक ताट जास्त मांडायचे, ते आमच्या घरी त्याचेच असे. यजमान गेले तरी मी मांडते. मला राग फाटलेल्या हाताचा कधीच नव्हता. तो आला नाही, याचा आहे, आणि हा राग मला कबरीत न्यायचा नाही.

पुढे हा खेळ जुगार ठरवून त्यावर बंदी आली, यंत्रे हातोड्यांनी फोडली गेली, तेव्हा पिंपामागे लपवून मी ही पेटी वाचवली. ती झिग्मुंट यास द्यावी. तळाचे खिळे मी उपटले आहेत. उचलताना त्याने भिऊ नये.

४. हे कलम आत्ताच वाढवते आहे. साक्षीदार दोन हवेत. शेजारीण तेक्ला आहेच. दुसरा म्हणून मी झिग्मुंटला निरोप धाडला, आणि तो आला. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

वकील पाव्लाक म्हणाले, "साक्ष केलीत तर कायद्याने पेटी तुम्हाला मिळणार नाही. पेटी हवी तर सही करू नका."

"वहिनी, दुसरं कुणी नव्हतं?"

"रस्ताभर माणसं पडलीत. मला तू हवा होतास."

तो पेटीपाशी गेला. तळाखालून हळूहळू हात फिरवला. "सगळे काढलेत?"

"केव्हाच काढले. तू यायचा राहिला होतास."

त्याने तिथेच डोळे पुसले. मग वकिलांना म्हणाला, "पेटी राहू दे इथेच. पेन द्या."

सबब पेटी इरेनाला. तिने ती झाकून ठेवू नये, खेळावी. आणि आज रात्री जास्तीचे ताट वेगळे मांडावे लागेल. नेहमीच्या ताटावर माणूस बसणार आहे.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, शिकागो
तारीख: २४ डिसेंबर १९५८

सही: फेलिक्सा वोय्तास

साक्षीदार:
तेक्ला बारान, शेजारीण
झिग्मुंट वोय्तास, कुलूपवाला, दीर