आमच्या गंजांची महासत्ता

श्री. ओमेश्वरभाऊ यांस, लखनलालचा जय राजा भोज. रविताभाभींचे गुडघे, तुमची साखर आणि म्हशीचं बाळंतपण, तिन्ही ठीक असेल अशी आशा करतो. इकडे सगळ्यांची प्रकृती उत्तम आहे, फक्त मी हादरलो आहे. पुढच्या आठवड्यात आमच्या पोरीचं, ओमेश्वरीचं लग्न, आणि भात शिजवायला गावातला एकही माणूस माझ्याकडे यायला तयार नाही!

तुम्हाला आमचे पितळेचे गंज, ती अवाढव्य पातेली, ठाऊकच आहेत. बाबांनी ते आणले तेव्हापासून गावात लग्न कोणाचंही असो, भात आमच्याच गंजात शिजायचा. भाडं आम्ही कधी घेतलं नाही (महासत्ता भाडं घेत नाही, नुसती आठवण ठेवते). गंज मागायला आलेला माणूस ओट्यावर बसून लग्नाची तारीख मला विचारायचा आणि पंगतीत पहिलं पान माझं असायचं. निवडणुकीला मी कधी उभा राहिलो नाही, पण उभा राहणारा आधी माझ्या पाया पडायचा.

आपले होणारे जावई हिमांशू तिरोड्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. साखरपुड्याला मी त्यांना अमेरिकेचं विचारलं. ते म्हणाले, महासत्ता आधी इतरांकडे नसलेलं देते, गहू म्हणा, कर्ज म्हणा, बंदुका म्हणा. लोकांना सवय लागते. मग कोणाला द्यायचं नि कोणाला नाही, हे ती ठरवू लागते. मग लोक गुपचूप आपली सोय करतात आणि महासत्तेला ते सर्वांत शेवटी कळतं. इंग्रजांचं तेच झालं, आणि रशियाच्या घरात तर एका सकाळी पंधरा चुली झाल्या. मी म्हणालो, मूर्ख लेकाचे! जावई चहाकडे बघत राहिले. (पोरगा अबोल आहे असं मला तेव्हा वाटलं.)

आता मूळ गोष्ट. परवाच्या साली चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी सुटलं तेव्हा छोटेलालने (आमच्या बांधाला त्याचा बांध) पाट माझ्याआधी आपल्या धानाकडे वळवला. मी त्याच्यावर निर्बंध लादले. त्याच्या पोराच्या लग्नाला गंज द्यायचे नाहीत असं घरात जाहीर करून कोठीला कुलूप घातलं आणि तो हात जोडत येईल म्हणून ओट्यावर बसलो. तो आला नाही. लग्न लागलं, लोक जेवले. भात कशात शिजला, हे विचारणं मला शोभलं नसतं. त्यानंतर दुसरंही कोणी येईना. हल्ली लग्नंच कमी होतात, अशी मी समजूत करून घेतली.

परवा गंज बाहेर काढायचे ठरवले. एकेक उचलायला चार माणसं लागतात, म्हणून माणसं बोलवायला गावात हिंडलो, कोणी येईना. तेव्हा कळलं की बायकांच्या बचत गटाने केव्हाच हलकी भांडी घेतली आहेत. भांड्यांबरोबर बाया येतात, त्यांचे नवरे येतात, रांधून वाढून घासूनही जातात. आणि भाऊ, त्या गटाची अध्यक्ष तुमची बहीण चमेली! माझ्या घरात! ती दर गुरुवारी भजनाला जाते असं मी समजत होतो. मी ओट्यावर पेपर पसरून अमेरिकेचे तळ मोजत होतो आणि मागच्या दाराने राज्य गेलं.

मी चमेलीकडे भांडी आणि माणसं मागितली. ती म्हणाली, "पयले छोटेलालच्या घरी तुमी सोता अक्षत घेऊन जा. मंग पाहू." भाऊ, मी कसा जाऊ?

आपला,
लखनलाल

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की तुम्ही नवरीचे मामा. बालाघाटहून दोन दिवस आधी या आणि छोटेलालकडे माझ्या वतीने आमंत्रणाची अक्षत देऊन या. चमेलीला कळता कामा नये.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आत चमेली अक्षतीची ताटली घेऊन दारात उभी राहिली. जाऊन आलो. छोटेलालने खाट टाकली, चहा ठेवला. मी मोठ्या मनाने सांगितलं की तुझ्यावरची गंजबंदी आजपासून उठवली. तो म्हणाला, "कोणती बंदी, भाऊ? चमेलीबाईनं गटाचे भांडे आधीच धाडले होते, म्या तुमचे गंज मांगलेच नाही. तुमी लग्नात आले नाही त मले वाटलं तब्येत बरी नसन. आता बरं हाय ना?" मी चहा एका घोटात संपवला. गंज उचलायला येशील का, एवढंच कसंबसं विचारलं. म्हणाला, "येतो ना. पोरगी काय तुमची एकट्याचीच हाय?"

म्हणजे भाऊ, इतके दिवस ती बंदी मी एकट्यानेच पाळली. तेव्हा तुम्ही सावकाश या, पण लग्नात छोटेलालला चमेलीजवळ फार वेळ बोलू देऊ नका. त्याने माझी माफी मागितली, असं मी घरी सांगून बसलो आहे.