कापडगल्लीतली सजवलेली खुर्ची

सोलापूर, ४ मार्च १९७४

चि. विरुपाक्ष,

आशीर्वाद मागनं, आधी जबाब दे! सुट्टीत व्यापाऱ्यांच्या बैठकीत उभारून भाषण ठोकायला तुला सांगितलं कुणी? गल्लीत गाड्या बंद करा म्हणं, गिऱ्हाइकं निवांत फिरतील म्हणं! झाल्या की बंद. आता लग्नाच्या बस्त्याला आलेली बैलगाडी तोंडालाच सुटती, अन् माणसं पहिल्या चार दुकानांत गुंततात. आपलं दुकान पार टोकाला. मी अन् दिवाणजी चन्नवीर एकमेकाला लुगडी दाखवत बसतो. ही लग्नसराई अशीच गेली तर दुकान मोडावं लागंल. मामी म्हणते, पोराला रागवू नका. मी कुटं रागावलोय? जेवत जा.

तुझा (सध्या कसाबसा) मामा,
संगप्पा

पुणे, ८ मार्च

ती. मामांस शि.सा.न. वि.वि.

माणसांना चालायची सवय लागू द्या की जरा! ज्या म्हाताऱ्यांना चालवत नाही, त्यांना खुर्चीत बसवून आणा. खुर्ची काही वाहन नाही. मामींना म्हणावं, शेंगाचटणी संपली.

राग धरा, पण माया सोडू नका.
विरू

सोलापूर, १५ मार्च

चि. विरू, अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. अक्कलकोटच्या चंद्रव्वा नातीच्या बस्त्याला आल्या. त्यांच्या पसंतीबिगर त्या घरात चोळीसुदिक घेत न्हाईत. खुर्चीला बांबू बांधले, उन्हासाठी वर कमान, शोभेला झेंडूच्या माळा, पुढं हौसेनं हलगी. चार हमालांनी उचललं. आपल्या लिंगायतांत मयत असंच बसवून, सजवून नेतात, हे माझ्या ध्यानातच न्हाय बघ!

पहिल्या चारी दुकानांनी फटाफट फळ्या लावल्या. मालक हात जोडून उभे. पहिल्या दुकानाच्या मल्लप्पाशेटनं फुलं वाहिली, बाई लई मायाळू होती म्हणून डोळे पुसले. तवर चंद्रव्वानं वरनंच कन्नडातनं त्याचा असा उद्धार केला, की गडी मटकन खाली बसला. पुढची दुकानंबी तशीच बंद होत गेली, मग वऱ्हाड जातंय कुटं? सगळा बस्ता आपल्याकडं!

मामी शेंगा भाजतीय. धीर धर.
संगप्पा

पुणे, १९ मार्च

ती. मामा, शि.सा.न.

हसून हसून पोट दुखलं, पण हे अघोरी आहे. निदान माळा आणि हलगी तरी काढा. लोक काय म्हणतील?

विरू

सोलापूर, २३ मार्च

चि. विरू,

काढल्या होत्या. तर मैंदर्गीच्या गौरम्मा रुसल्या. चंद्रव्वाला माळा अन् मला उघडी खुर्ची, मी काय कमी म्हातारी हाय का, म्हणाल्या. परत बांधल्या. आता म्हाताऱ्या गावाकडनं निरोप धाडतात, आमची खुर्ची कधी? मल्लप्पाशेट तर भाड्यानं मागतोय. न्हाय देत म्हणलं.

हमाल तीनच आलेत, अन् गौरम्मा खुर्चीत बसून हाका मारतीय. चौथा खांदा माझाच. तुला काय म्हणायचंय ते मागनं लिही, मी निघालो.