फुग्याची दाढी

४ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. चार पानांत एकूण सहा क्लास मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले, तरी सहाच. सलूनमध्ये दाढी-कटिंग शिकायला गेलीस ते ठीक. पण पहाटे पोहणं, दुपारी केकवर क्रीमची फुलं, संध्याकाळी कीबोर्ड, मंगळवारी ती कुठलीशी परकी भाषा आणि शनिवारी फोटो! जेवतेस कधी, की त्याचाही क्लास लावायचाय?

तुझ्या मास्तरांचं मात्र मला पटलं. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा, तो वस्तऱ्याने साफ उतरवायचा आणि फुगा फुटू द्यायचा नाही. असे ओळीने दहा साबूत राहिले की मग माणसाचा गाल. तीन आठवड्यांत तुझी मजल दोनवर. इकडे तुझ्या बापाने फर्मान काढलंय. तीस तारखेपर्यंत मास्तरांनी तुला खुर्ची दिली नाही, तर परत आणून त्याच्या गोदामात खोकी मोजायला बसवणार. शिवण सोडलंस, टायपिंग सोडलंस, हे तो बोटांवर मोजून सांगतो. मी तुझी बाजू घेतली असती, पण तू घ्यायला बाजू ठेवलीयस कुठे?

हे फुग्याचं काय एवढं अवघड आहे ते बघायला मी एक पाकीट फुगे आणलेत. ह्यांचा जुना वस्तरा आहेच.

लोभ आहे. तो सहा ठिकाणी वाटून घेऊ नकोस.
तुझी आजी


१२ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, आधी हस. मला वाटायचं, सगळ्या विद्या एकमेकींना मदत करतात. म्हणून काल फुग्याला नुसता फेस फासण्याऐवजी केकच्या क्लाससारखी फेसाची गुलाबं काढली. नऊ गुलाबं, पाकळीन् पाकळी सुटी! गिऱ्हाइकं खुर्च्यांवरून उठून बघायला आली. मग एका हातात कॅमेरा धरला, दुसऱ्या हाताने वस्तरा लावला, आणि फट्! एक गुलाब पोस्टमनच्या चहात, एक पंख्यावर, उरलेली सगळी मास्तरांच्या टकलावर. मास्तर म्हणाले, त्यांना वाढदिवसाला कापायचं असेल तर निदान आदल्या दिवशी कळवत जावं.

आज शहाण्यासारखी उभी राहिले, तर बोटं फुग्यावर कीबोर्ड वाजवायला लागली. तरी चार साबूत राहिले. ते मी परक्या भाषेत मोजत होते. पाचाला काय म्हणतात ते आठवेना, तेवढ्यात पाचवा गेला.

आजी, मला खरंच हेच काम करायचंय. वस्तरा हातात आला की पोटात गुदगुल्या होतात. गोदाम नको गं. पण बाकीचं सोडलं तर काहीतरी हुकेल असं वाटत राहतं. तू कशी करतेस?

लोभ असावा, आणि बाबांना गुलाबांचं सांगू नये.
तुझी भिंगरी


१५ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गुलाबांचं वाचून तुझ्या आजोबांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. आलं ते दोनदाच.

कशी करते विचारलंस. फुगा करते, दुसरं काही करत नाही. पहिल्या चार फुग्यांवर शाईने माझ्या थोरल्या दिरांचं तोंड काढलं होतं. ते फुटले, त्याचं मला दुःख नाही. मग कोरा घेतला. रेडिओ बंद, दाराला कडी. दूध उतू गेलं, जाऊ दिलं. शेजारीण हाका मारमारून गेली, तिला वाटलं मी गेले. फेस कुठे संपतो आणि रबर कुठे सुरू होतं, तेवढंच बघायचं. काल ओळीने नऊ झाले. दहाव्याला ह्यांनी खिडकीतून डोकं घालून चहाचं विचारलं. फुगा फुटला, आणि तेव्हापासून हे माझ्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत.

हुकेल म्हणतेस, ते काय हुकणार? तलावातलं पाणी कोणी पिऊन टाकत नाही. कीबोर्ड कॉटखाली सरकव, कॅमेरा मास्तरांच्या कपाटात ठेव, केकवाल्या बाईंना सांग, आजी फार आजारी आहे. तीस तारखेपर्यंत फुगा एके फुगा. मग हवं तर आकाशात उड.

उत्तर लिहू नकोस, त्यात वेळ जातो. लोभ न लिहिताही राहतो.
आजी


३० जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ओरडून लिहिलंय असं समजून वाच!

पंधरा दिवस फुग्याशिवाय काही पाहिलं नाही. स्वप्नातली माणसंसुद्धा गोल आणि गुळगुळीत यायची. आज सकाळी दहाचे दहा साबूत! मास्तर स्वतःच खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली. गळ्यावरची घाटी वरखाली होत होती, आणि फुगा कधी आवंढा गिळत नाही गं! मग फेस कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते, तेवढंच बघितलं. गाल झाले, मान झाली, आणि वर बघते तर मास्तर घोरतायत! चाळीस वर्षांत ह्या माणसाने कोणाच्या वस्तऱ्याखाली डोळे मिटले नव्हते म्हणे. पोस्टमन दारातच टाचा उचलून उभा. अर्ध्या तासाने जागे झाले, गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, खिडकीजवळची खुर्ची उद्यापासून तुझी.

बाबांना तूच सांग. मी सांगायला लागले तर नुसती हसत सुटेन.

आज माझा लोभ मावत नाहीये, थोडा तुझ्याकडे ठेव.
खुर्चीवाली भिंगरी


३ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या बापाला सांगितलं. बघू किती दिवस टिकतं, म्हणाला, आणि मग गोदामात तुझ्यासाठी मांडलेलं टेबल उचलून ठेवलं.

माझेही दहा झाले. तेव्हा ह्यांना धरून बसवलं. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडून बसले होते, जसं काही विमान उडणार होतं. डावा गाल असा केलाय की माशी घसरेल. उजव्याला हात लावलेला नाही. फुगा मी सगळा एकाच बाजूने केला, हात तेवढाच बसलाय, आणि येत नाही ते मी करत नाही. चार दिवस हे अर्धी दाढी घेऊन भिंतीच्या कडेकडेने फिरतायत. समोरून कोणी आलं की खेकड्यासारखे वळतात. तुझा बाप त्याच्या न्हाव्याकडे न्यायला निघाला होता, त्याला मी दारातच अडवलं.

रविवारी सलून बंद असतं ना? वस्तरा घेऊन ये. उजवा गाल तुझ्यासाठी ठेवलाय.

तोवर तुझा लोभ पूर्ण असू दे, ह्यांचा तूर्त अर्धाच आहे.
आजी