चुन्याच्या खुणा

४ फेब्रुवारी १९५९

सापडला! भरे गावाच्या पुढे, रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं. वर काळा खडक, खाली काळा खडक, मध्ये वीतभर राखी थर — आणि त्यात दगड झालेल्या गोगलगायी! दोन लाव्हांच्या मधल्या काळात इथं तळं होतं तर. मी चक्क ओरडलो. माझा शिपाई कुशाबा म्हणतो, "गोगलगायीसाठी पुण्याहून आलो व्हय साहेब?" गाढव!

थर नदीकडे जातोय. नकाशासाठी दिसेल तिथं चुन्याने आकडा टाकायचा.

६ फेब्रुवारी

आज मेलोच होतो. नदीकाठच्या धनगरवस्तीखाली आकडा टाकत होतो, तर वरून दगडांचा मारा! कुशाबाचं डोकं फुटलं. वस्तीतला म्हातारा धुळाजी गोफण घेऊन अंगावर आला. "चुना पुस! पुस म्हनतोय न्हवं!" माझं माथं भडकलं. हातोडा घातला त्याच्या मनगटावर. हाड मोडलेलं ऐकू आलं. तरी गडी थांबेना — डाव्या हाताने माझं नरडं आवळलं. त्याची बायको तुकाबाई किंचाळली तेव्हा कुठे सोडलं.

७ फेब्रुवारी

चौकीत तक्रार दिली. हवालदाराने धुळाजीला माझ्यादेखत बडवलं. मोडक्या हातावरच. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मग तुकाबाई म्हणाली, "मुळशीचं धरान बांदलं तवा आमच्या दारातबी असाच चुना मारला व्हता. सायेब येतो, चुना लावतो, मागनं पानी येतंय." घर, रान, सगळं तळाशी गेलं त्यांचं.

रागच उतरला. तक्रार मागे घेतली.

८ फेब्रुवारी

झोप नाही. गळा सुजलाय.

९ फेब्रुवारी

वस्तीवर गेलो. खिशातली दगडी गोगलगाय दाखवली; चुना हिच्यासाठी, पाण्यासाठी नाही, म्हणालो. धुळाजी थुंकला. "हिच्यापायी मानसाचा हात मोडलास?" कुणाचा विश्वास बसेना. शेवटी तोच म्हणाला, "बेलभंडारा उचल." बिरोबापुढे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ वाहिली — या खुणांपायी इथं पाणी येणार नाही, आलं तर माझं वाटोळं होवो! मी देव मानत नाही. पण बोललो ते खरं होतं. तुकाबाईने ताक दिलं. लाज वाटली, तरी तांब्याभर प्यालो.

१७ फेब्रुवारी

काम संपलं. थर वस्तीच्या पायथ्याशीच संपतो. नकाशा पुण्याला धाडला. निघताना धुळाजी म्हणाला, "आता ऱ्हाऊ दे चुना. भ्या न्हाई."

२ मार्च

मला परत बोलावलं, जागा दाखवायला. जीपमधून मोठे इंजिनियर उतरले, हातात माझा नकाशा. माझ्या शेवटच्या आकड्यावर बूट ठेवून म्हणाले, "शाबास! कच्चा थर इथं संपला. पुढे पक्का खडक. धरणाची भिंत इथंच. वरची वस्ती उठवावी लागेल."

वर धुळाजी उभा होता. हात गळ्यात बांधलेला. एका हाताने त्याला गोफण भरता येईना.

जीपवर पहिला दगड मी मारला.