ताडपत्रीची गाठ

रविवार, १२ ऑक्टोबर

चाळीत पाणी शिरलं की उपसायचं मशीन, पावसाळा संपला म्हणून, मी परवाच ताडपत्रीत बांधून जिन्याखाली ठेवलं. टाकीतलं पेट्रोल काढायचं राहिलं होतं, म्हणून आज उघडलं तर टाकी कोरडी! तळमजल्यावरचा बाइकवाला सुहासच, दुसरं कोण? पण ताडपत्रीची गाठ? ती माझी नव्हती. बायको म्हणाली, "अहो, चोर कशाला परत बांधून ठेवील?" प्लग काढून पाहिला, तोही घासून लख्ख. अशी गाठ चाळीत एकटे तात्याच मारतात. माझगावला गोदीत जन्म गेला त्यांचा. हात थरथरतात म्हणून यंदा मशीन साफ करून बांधून ठेवायचं काम मीच त्यांच्याकडून काढून घेतलं. निदान सांगायचं तरी मला! ती गाठ सोडवायला मला वीस मिनिटं लागली. मारायला त्यांना किती लागली असतील?